ओव्हरस्टेबल कंट्रोल ड्रायव्हर लांबीसाठी घेऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिस्क गोल्फविषयी (प्लास्टिकची डिस्क फेकत ठरलेल्या बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ) मराठीत जे थोडेफार छापून येते, त्यात डिस्क कशी निवडावी हा भाग बहुधा एका ओळीत उरकलेला असतो: ‘वाऱ्यासाठी एक ओव्हरस्टेबल ड्रायव्हर जवळ असू द्या.’ ड्रायव्हर म्हणजे धारदार कडेची वेगवान डिस्क, आणि ओव्हरस्टेबल म्हणजे उजवीकडे न झुकता शेवटी ठामपणे डावीकडे वळणारी. एवढ्या सल्ल्यावर विसंबून नवा खेळाडू जो ड्रायव्हर आणतो, तो त्याच्या हातून पन्नास मीटरवरच डावीकडे आपटतो. मग तो डिस्क सरळ जावी म्हणून मनगट फिरवून ती उजवीकडे कलवून सोडू लागतो, आणि काही आठवड्यांत त्याची मूळची बरी असलेली फेकही बिघडते. हे सगळे टाळता येते. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

ही डिस्क लांब फेकण्यासाठी नसते. ती कुठे थांबेल हे आधी सांगता यावे, यासाठी असते. निवडीचे बाकीचे सगळे मुद्दे या एका गोष्टीतून निघतात.

डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. यातला स्पीड हा सर्वांत जास्त चुकीचा समजला जाणारा आकडा. तो वेग डिस्क आपल्याला देत नाही, आपण डिस्कला द्यायचा असतो. तेवढा वेग हातातून निघाला नाही, तर पुढचे तीनही आकडे खोटे ठरतात. ग्लाइड म्हणजे हवेत तरंगत राहण्याची क्षमता. टर्न म्हणजे वेग भरपूर असताना, उड्डाणाच्या पहिल्या टप्प्यात उजवीकडे झुकण्याची वृत्ती. हा आकडा बहुधा उणे असतो. शून्य किंवा अधिक असेल तर डिस्क झुकायला तयार नाही असे समजावे. फेड म्हणजे वेग ओसरल्यावर शेवटी डावीकडे घेतलेले वळण. हे डावे-उजवे उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी आहे. उजव्या हाताचा फोरहँड किंवा डावखुऱ्याचा बॅकहँड असेल तर दिशा उलट. या पत्रात पुढे सर्वत्र उजव्या हाताचा बॅकहँड धरला आहे.

कंट्रोल ड्रायव्हर म्हणजे ढोबळमानाने ७ ते १० स्पीडच्या डिस्क. कोणी त्यांनाच फेअरवे ड्रायव्हर म्हणतात, कोणी ९ आणि १० यांनाच कंट्रोल म्हणतात. या वादात फारसे हशील नाही. आता इनोव्हा या कंपनीच्या दोन डिस्क शेजारी ठेवा. फायरबर्डचे आकडे ९, ३, ०, ४. थंडरबर्डचे ९, ५, ०, २. स्पीड तोच, टर्न तोच. तरी या दोन डिस्कची कामे इतकी वेगळी आहेत की एकीच्या जागी दुसरी वापरणारा हमखास फसतो. थंडरबर्ड वाऱ्यात सरळ जाते, लांब तरंगते आणि शेवटी थोडीशी डावीकडे बसते. फायरबर्ड कमी तरंगते, लवकर आणि जोरात डावीकडे वळते, आणि जमिनीला लागल्यावर घसरत पुढे जाते. फेडच्या ४ आणि २ कडे सगळ्यांचे लक्ष जाते. खरा फरक ग्लाइडच्या ३ आणि ५ मध्ये जास्त आहे. कमी ग्लाइडची डिस्क वाऱ्याच्या झुळकेवर स्वार होत नाही. उंची चार हात जास्त झाली तरी ती ठरलेल्या जागेपासून फार लांब भरकटत नाही. नेमकेपणासाठी डिस्क हवी असेल तर ग्लाइड ३ ते ४ च्या दरम्यान पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच कुळातल्या आणखी काही: डिस्कक्राफ्टची रॅप्टर ९, ४, ०, ३ आणि तिच्याहून हट्टी प्रिडेटर ९, ४, १, ४, डायनॅमिक डिस्क्सची फेलन ९, ३, ०.५, ४, कास्टाप्लास्टची स्टोल ९, ४, ०, ३, अ‍ॅक्सिअमची फायरबॉल ९, ३.५, ०, ३.५, डिस्कमेनियाची पीडी १०, ४, ०, ३. स्पीड कमी हवा असेल तर इनोव्हाची बँशी ७, ३, ०, ३ किंवा एमव्हीपीची रेझिस्टर ६.५, ४, ०, ३.५. पण हे आकडे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. खेळाची नियामक संस्था पीडीजीए डिस्कला मान्यता देताना व्यास, वजन, कडेची रुंदी, लवचिकता अशा गोष्टी तपासते. उड्डाणाचे आकडे ती देत नाही. त्यामुळे एका कंपनीचा ३ आणि दुसरीचा ३ एकच असेल असे धरून चालू नये.

डिस्क का वळते, हे समजले की निवड सोपी जाते. फिरणारी डिस्क भोवऱ्यासारखी असते: तिच्यावर जिकडून जोर लावावा, तिकडे ती कलत नाही, त्याच्या काटकोनात कलते. हवेचा उचलणारा जोर डिस्कच्या बरोबर मध्यावर लागत नाही. भरपूर वेगात डिस्क हवेला जवळजवळ सपाट भिडते, तेव्हा हा जोर मध्याच्या जरा मागे पडतो आणि डिस्कचे नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबू पाहतो. डिस्क घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत असल्याने त्याचा परिणाम उजवीकडे कलण्यात होतो; हाच टर्न. वेग कमी झाला की डिस्क खाली येऊ लागते, हवा खालून जास्त कोनात लागते, जोर मध्याच्या पुढे सरकतो, नाक वर उचलू पाहतो, आणि डिस्क डावीकडे कलते, हा फेड. वेग ओसरतो त्या मानाने फिरकी बरीच टिकते, म्हणून डिस्क कोलमडत नाही, सावकाश वळते. ओव्हरस्टेबल डिस्कच्या कडेचा आकार असा असतो की भरपूर वेगातही हा जोर मध्याच्या मागे फारसा जात नाही. १९८३ साली डेव्ह डुनिपेस यांनी इनोव्हासाठी तिरप्या कडेची पहिली गोल्फ डिस्क घडवली. ड्रायव्हरचे वागणे मुख्यतः कडेवर ठरते, ते तेव्हापासून आजपर्यंत.

आणि कड म्हटली की एकाच नावाच्या दोन डिस्क सारख्या नसतात या मुद्द्यावर यावे लागते. डिस्क निवडताना सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. डिस्क साच्यातून निघते तेव्हा साच्याचे वरचे आणि खालचे भाग जिथे मिळतात, तिथे कडेच्या टोकावर एक बारीक रेघ राहते. तिला पार्टिंग लाइन म्हणतात. ही रेघ जमिनीपासून जितकी उंच, तितकी डिस्क ओव्हरस्टेबल. साच्यातून निघालेले प्लास्टिक थंड होताना आकसते. किती आकसेल हे प्लास्टिकचा प्रकार, रंग, साच्याचे तापमान, थंड होण्याचा वेळ यांवर अवलंबून असते. त्यामुळे आज निघालेल्या आणि पुढच्या खेपेत निघालेल्या, एकाच साच्याच्या आणि एकाच नावाच्या डिस्कवर ही रेघ कमी-जास्त उंचीवर येते. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही मैदानावर जाणवतो.

ती तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. दोन्ही डिस्क काचेच्या किंवा गुळगुळीत टेबलावर सरळ ठेवा आणि हळूच एकमेकींकडे सरकवा. कडा भिडल्या की जिची रेघ उंच, तिची कड दुसरीवर चढू पाहते. चार-पाच डिस्क हाताशी असतील तर अशा जोड्या लावून दोन मिनिटांत त्यांचा क्रम लागतो. तीन-चार ठिकाणी फिरवून पाहा, कारण थंड होताना वाकडी झालेली डिस्क एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला खाली असते. टेबलावर ठेवून कडेवर बोटाने दाबल्यावर ती डुगडुगली तर ती घेऊ नये. एकटीच डिस्क असेल तर शेजारी पत्त्यांची थप्पी लावून रेघ किती पत्त्यांवर येते ते मोजा आणि तो आकडा लिहून ठेवा. पुढची डिस्क घेताना तोच आकडा कामी येतो.

मग माथा. डिस्कवर पट्टी आडवी धरून डोळ्याच्या पातळीवर आणा. पट्टी मध्यावर टेकून कडांकडे फट दिसत असेल तर घुमट आहे. पट्टी सगळीकडे जवळजवळ टेकली तर माथा सपाट. घुमटाने ग्लाइड वाढतो. सपाट माथ्याची डिस्क कमी तरंगते आणि ओव्हरस्टेबल ड्रायव्हरमध्ये आपल्याला तेच हवे असते. फोरहँडलाही सपाट माथा बरा, कारण अंगठा त्यावर पूर्ण बसतो. अंगठ्याने माथा दाबून पाहा. टक्कन आत जाऊन पुन्हा बाहेर येणारा पातळ माथा थंडी-उन्हात आणि गाडीतल्या उष्णतेत आकार बदलतो. ओव्हरस्टेबल डिस्कसाठी मी तो टाळतो.

प्लास्टिकचे दोन-तीन प्रकार ओळखता आले तरी पुरे. इनोव्हाचे डीएक्स हे सर्वांत साधे: पकड छान, पण झाडाला चार वेळा लागले की कड बोथट होते, ओरखडे पडतात आणि डिस्क हळूहळू सरळ, पुढे उजवीकडे झुकणारी होते. म्हणजे ज्या गुणासाठी घेतली तोच गुण आधी जातो. इनोव्हाचेच चॅम्पियन, डिस्कक्राफ्टचे झेड, लॅटिट्यूड ६४ चे ऑप्टो ही कडक, बरीचशी पारदर्शक प्लास्टिके सर्वांत टिकाऊ, आणि त्यांतली डिस्क बहुधा त्याच साच्याच्या इतर प्लास्टिकांपेक्षा जास्त ओव्हरस्टेबल असते. स्टार, ईएसपी, गोल्ड ही अपारदर्शक, जरा चिकट पकडीची; टिकतात चांगली आणि ओल्या हातात सुटत नाहीत. पहिली ओव्हरस्टेबल डिस्क घेणाऱ्याने डीएक्स घेऊ नये. कडक प्लास्टिकमध्ये सरळ चॅम्पियन घ्यावे, घामट हाताच्या माणसाने स्टार. रबरासारखी मऊ प्लास्टिके थंडीत पकडीला उत्तम असतात, पण जमिनीवर घसरण्याऐवजी तिथेच थबकतात. त्यामुळे स्किपसाठी, म्हणजे जमिनीला लागून पुढे घसरण्यासाठी, डिस्क हवी असेल तर ती उपयोगाची नाहीत.

वजनाची कमाल मर्यादा पीडीजीएच्या नियमाने ठरलेली आहे: व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम. साधारण २१.१ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रायव्हरसाठी ती १७५ ग्रॅमच्या आसपास येते. समोरच्या वाऱ्यासाठी आणि फोरहँडसाठी १७३ ते १७५ ग्रॅम योग्य. हात अजून संथ असेल तर १६५ ते १६९ घ्यावे. हलकी डिस्क तेवढ्याच ताकदीत जास्त वेगाने सुटते आणि तिला आपला आकार दाखवायला वाव मिळतो. १६० च्या खाली ओव्हरस्टेबल डिस्क घेण्यात मोठ्या माणसाला अर्थ नाही, कारण वारा तिला उचलतो आणि मूळ हेतूच संपतो.

कडेची रुंदीही पाहावी. ७ स्पीडच्या डिस्कची कड बोटांत सहज मावते. ९–१० ची साधारण पावणेदोन ते दोन सेंटिमीटर असते. नियमाने कमाल २.६ सेंटिमीटर चालते, ती लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरची. लहान पंजाच्या खेळाडूला ९ ची कड पकडताना बोटांची पेरे आतल्या भिंतीला नीट लागत नसतील तर फेकताना पकड निसटते आणि डिस्क उशिरा किंवा लवकर सुटते. अशा हाताने ७ स्पीडची बँशी घ्यावी. नेमकेपणात काही उणे पडत नाही. आतल्या कडेवर कधीकधी प्लास्टिकची धारदार पापडी राहिलेली असते, ती फोरहँडला बोट कापते. ४०० नंबरच्या बारीक सँडपेपरने तेवढीच घासून काढावी. साच्यातून राहिलेले दोष आणि ओरखडे मर्यादेत घासायला नियमांची परवानगी आहे. डिस्कचे उड्डाण बदलावे म्हणून कड घासणे मात्र नियमबाह्य आहे, आणि तडा गेलेली किंवा भोक पडलेली डिस्कही खेळात चालत नाही.

आता हाताचा प्रश्न. वारा नसताना, सपाट मैदानावर, टीबर्डसारखी ७ स्पीडची सरळ डिस्क (तिचे आकडे ७, ५, ०, २) तुम्ही सपाट सोडून सातत्याने किती लांब टाकता? एखादी चुकून लांब गेलेली धरू नका. ८० मीटर आणि त्यापुढे जात असाल तर ९ स्पीडची ओव्हरस्टेबल डिस्क तुम्हाला तिचे सगळे गुण दाखवेल. ६५ ते ८० मध्ये असाल तर ७ ची घ्या. ६५ च्या आत असाल तर या डिस्कवर खर्च करू नका. तुमच्या वेगाला साधी सरळ डिस्कही पुरेशी डावीकडे वळते. वाऱ्यात किंवा बास्केटच्या जवळ हट्टी डिस्क हवीच असेल तर डिस्कक्राफ्टच्या झोनसारखी (४, ३, ०, ३) संथ डिस्क तेच काम जास्त खात्रीने करते. हे अंतर माझ्या अनुभवाचा अंदाज आहे, नियम नव्हे. दहा मीटर इकडेतिकडे चालतील.

एक गोष्ट मात्र डिस्क घेण्याआधी तपासलीच पाहिजे. बऱ्याच जणांना वाटते की आपल्या सगळ्या डिस्क ओव्हरस्टेबल आहेत, आणि प्रत्यक्षात सोडताना त्यांच्या डिस्कचे नाक वर असते. ओळखायची खूण सोपी आहे: डिस्क सुटल्यावर वर चढते, माथ्यावर थांबल्यासारखी होते आणि मग डावीकडे, आखूड पडते. सरळ मिडरेंज (मध्यम पल्ल्याची) डिस्कही असेच करत असेल तर दोष शंभर टक्के हाताचा. कारण बहुधा मनगटात असते. भांड्यातून पाणी ओतताना मनगट जसे अंगठ्याच्या बाजूने खाली झुकते, तसे ते फेकताना ठेवावे, आणि डिस्कची खालची बाजू समोरच्या माणसाला दिसणार नाही अशी सोडावी. नाक वर ठेवणाऱ्याच्या हातात फायरबर्ड देणे म्हणजे आजार झाकणे आहे. फोरहँडबाबत याच्या उलट घडते. मनगट फिरल्याने डिस्क थरथरत सुटते, साधी डिस्क त्या थरथरीत उजव्या-डाव्या बाजूला उलटून जाते, आणि ओव्हरस्टेबल डिस्क मात्र पहिल्या काही मीटरांत ती थरथर पचवून सरळ होते. त्यामुळे फोरहँड शिकताना ही डिस्क फार गोड लागते. पण आठवड्यातून एकदा तरी सरळ डिस्कने फोरहँड मारून पाहावा, नाहीतर थरथर कायमची हातात बसते.

निवड पक्की करण्यासाठी एक सकाळ द्या. वारा नसलेले मोकळे मैदान, सरळ रेषेत ४०, ६० आणि ८० मीटरवर खुणा. ज्या दोन-तीन डिस्क मनात आहेत त्या आणि तुलनेसाठी तुमची पूर्ण ओळखीची एक सरळ डिस्क. प्रत्येकीच्या दहा फेकी सपाट, खांद्याइतक्या उंचीने. सर्वांत चांगल्या दोन आणि सर्वांत वाईट दोन सोडून द्या, उरलेल्या सहा कुठे पडल्या ते पाहा. आपण शोधतो आहोत ते अंतर नाही, त्या सहा डिस्क किती लहान वर्तुळात आहेत ते. ज्या डिस्कचे वर्तुळ सर्वांत लहान, ती तुमची. उड्डाणाच्या अर्ध्याच्या आतच डावीकडे निघाली तर ती तुमच्या हाताला जड आहे. दोन-तृतीयांश अंतरापर्यंत सरळ राहून मग ठामपणे वळली तर बरोबर आहे.

नंतर पाच फेकी हायझरने, म्हणजे बाहेरची कड साधारण वीस अंश खाली. ही डिस्क सुटल्या कोनातच राहिली पाहिजे, मध्येच सपाट व्हायला नको. मग पाच फेकी अ‍ॅनहायझरने, बाहेरची कड पंधरा-वीस अंश वर. ती उजवीकडे जाईल, हळूहळू सपाट होईल आणि जमिनीला लागण्याआधी डावीकडे परतेल. यालाच फ्लेक्स म्हणतात. झाडांच्या दोन रांगांतून आधी उजवीकडे आणि मग डावीकडे जाणारी वाट असेल तर याच फेकीने सुटते. परतण्याआधीच डिस्क जमिनीवर आली तर एक तर ती पुरेशी ओव्हरस्टेबल नाही किंवा उंची कमी पडली. एक मीटर उंच सोडून पुन्हा पाहा, मग निर्णय घ्या.

समोरच्या वाऱ्याची परीक्षा वेगळ्या दिवशी. समोरून वारा आला की डिस्कला हवा जास्त वेगाने लागते, म्हणजे ती जणू जास्त जोरात फेकल्यासारखी वागते आणि टर्न वाढतो. एरवी सरळ असणारी डिस्क उजवीकडे उलटून पडते ती यामुळे. फायरबर्डच्या जातीची डिस्क मात्र वाऱ्यात सरळ डिस्कसारखी दिसू लागते, आणि म्हणूनच ती हवी. नाक किंचित खाली, उंची कमी, जोर रोजच्यापेक्षा थोडा कमी. जोर वाढवला की वाऱ्याच्या भरीला आपणच भर घालतो. पाठीमागून वारा असताना याच्या नेमके उलट: डिस्कला लागणारी हवा मंदावते, फेड वाढतो, आणि ओव्हरस्टेबल डिस्क लवकर खाली येते. तेव्हा ती पिशवीतच राहू द्यावी. बाजूचा वारा लोक सर्वांत जास्त विसरतात. हायझरने सोडलेल्या डिस्कची खालची बाजू उजवीकडे असते, त्यामुळे उजवीकडून येणारा वारा तिला उचलून डावीकडे पार लांब नेतो. डावीकडून येणारा वारा माथ्यावर बसून तिला खाली दाबतो. दुसऱ्या बाबतीत डिस्क जवळ पडेल हे गृहीत धरून पुढे नेम धरा. उंच डोंगराळ भागात हवा विरळ असते आणि तिथे सगळ्याच डिस्क जास्त ओव्हरस्टेबल वागतात. मैदानी भागात नेमकी असलेली प्रिडेटर तिथे लवकर आपटेल.

स्किपचे गणित जमिनीचे आहे. कडक जमिनीवर वीस अंशांच्या आसपास हायझर, उंची कमी, आणि डिस्क जमिनीला लागूनही डावीकडे घसरत जाते. आडव्या फांद्यांखालून बास्केटपर्यंत पोचायला याहून भरवशाची फेक नाही. आखूड ओल्या गवतावर घसरण वाढते, दाट उंच गवतात संपते. घसरायला नको असेल तर उलट करा: डिस्क उंच, जवळजवळ उभी सोडा. ती उभ्या कडेवर येते, जमिनीत रुतते आणि थांबते. बास्केटच्या मागे उतार किंवा पाणी असेल तेव्हा हीच फेक.

घेतलेली डिस्क जुनी झाली म्हणून टाकू नये. चॅम्पियन प्लास्टिकची फायरबर्डही पुढे थोडी मवाळ होते, आणि तेव्हा ती सरळ जाऊन शेवटी भरवशाने वळणारी उत्तम डिस्क बनते. अशा वेळी त्याच साच्याची, त्याच वजनाची नवी डिस्क घ्यावी आणि दोन्ही जवळ ठेवाव्यात: नवी वाऱ्यासाठी, जुनी शांत दिवसासाठी. हातात पकड एकच राहते, त्यामुळे तिसऱ्या वेगळ्या डिस्कची गरज उरत नाही. दोघींचे रंग मात्र वेगळे असू द्या, आणि पारदर्शक फिका रंग घेऊ नका. ही डिस्क घसरून झुडपातच जाते, आणि वाळक्या पानांत फिकी पारदर्शक डिस्क दोन पावलांवरूनही दिसत नाही. भडक गुलाबी किंवा नारिंगी घ्यावी.

आपणास विनंती एवढीच, की क्रीडा पानावर एखाद्या डिस्कची शिफारस छापताना चार गोष्टी सोबत द्याव्यात: प्लास्टिकचा प्रकार, वजन, शिफारस करणारा बॅकहँडने फेकतो की फोरहँडने, आणि त्याची सरळ डिस्क सपाट फेकीत किती मीटर जाते. शेवटची गोष्ट नसेल तर वाचकाला त्या शिफारशीचा काहीच उपयोग होत नाही, कारण १२० मीटर फेकणाऱ्याची सरळ डिस्क ही ७० मीटर फेकणाऱ्याची ओव्हरस्टेबल डिस्क असते.

आपला,
डिस्क गोल्फ खेळणारा एक वाचक